पाटल्या आणि गिअरबॉक्स

दुपारची जेवणं आटोपून मी जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात सांगलीहून भावजयीचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम विचारती झाली, "अक्का, पाटल्या मोडलेल्या बऱ्या की गहाण ठेवलेल्या? कशात कमी नुकसान?"

माझ्या काळजात धस्स झालं. घरात कुणी आजारी आहे का, पोरीच्या कॉलेजचं काही अडलंय का, भावाच्या व्यापारात काही झालं का, सगळं एका दमात विचारून घेतलं. "तसलं काही नाही हो," ती म्हणाली, "गाडीचा गिअरबॉक्स गेलाय."

आता ही गाडी म्हणजे आपल्या घराघरांतली साधी गाडी नव्हे. तिची कुळकथा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा धाकटा भाऊ बेदाण्याच्या व्यापारात आहे. तासगाव-सांगलीच्या सौद्यांत माल घ्यायचा आणि उत्तरेकडे पाठवायचा. त्यासाठी वर्षातून दोन-तीनदा दिल्लीला चक्कर असतेच. २०१९ च्या जानेवारीत असाच गेला आणि येताना रेल्वेने न येता काळी कुळकुळीत जर्मन बनावटीची गाडी चालवत आला. २०११ चं मॉडेल, डिझेल, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. नवी होती तेव्हा पन्नास लाखांच्या पुढची, याला मिळाली तेरा लाखांत! अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते.

इतकी स्वस्त का मिळाली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. खरं कारण असं की, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे त्यात फेरफार होत गेले, २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने कारवाई तूर्त थांबवायलाही सांगितलं. पण त्या मधल्या वर्षांत तिथल्या श्रीमंतांनी आपल्या आठ-आठ वर्षांच्या गाड्या मिळेल त्या भावाने बाहेर काढल्या. त्यातल्या कितीतरी आपल्याकडे आल्या. विट्या-आटपाडीकडचे गलाईवाले गावच्या जत्रेला येतात, तेव्हा देवळामागच्या रानात उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर वाचून बघा. तमिळनाडू, केरळ, दिल्ली, सगळा भारत तिथे उभा असतो.

मग त्या गाडीची ना हरकत, इथला रस्ता कर, आरटीओच्या खेपा, असं सगळं होऊन तिला एमएच दहाचा नंबर मिळाला. मी स्वतः तिच्यात बसून औदुंबरला जाऊन आले आहे. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात ना, तसं. सहा-सात सेकंदांत शंभरचा वेग घेते म्हणे. आता तासगाव रस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली आणि मागे एसटी असताना शंभरचा वेग कुठे घ्यायचा, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. भावाचं घर कर्नाळ रस्त्याच्या बाजूला. पाणी वाढायला लागलं तशी त्याने सगळ्यात आधी गाडी काढली आणि विश्रामबागेत उंचावर एका मित्राच्या दारात नेऊन लावली. परत येईपर्यंत गल्लीत गुडघाभर पाणी. फ्रिज, शिलाई मशीन, वर्षाचं धान्य, सासूबाईंच्या हातची लोणच्याची बरणी, सगळं पाण्यात गेलं. भावजय हे हसत सांगते. मला मात्र त्या वेळेपासून वाटतं की, त्या गाडीचा आणि त्या घराचा हिशेब कुठेतरी चुकायला लागला तो तिथेच.

तर गिअरबॉक्स. गाडी गिअर बदलताना हिसके द्यायला लागली, एक दिवस बाजार समितीच्या दारात अडकून पडली. सपाट ट्रकवर चढवून मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली, कारण जिल्ह्याच्या गावी असल्या गाडीचं काम होत नाही. चार दिवसांनी अंदाजपत्रक आलं. गिअरबॉक्स बदलून चार लाख साठ हजार. पुढच्या दोन्ही चाकांचं हवेवर चालणारं सस्पेन्शन गळतंय, त्याचे एक लाख तीस हजार. तेल, मजुरी, किरकोळ पन्नास हजार. एकूण सहा लाख चाळीस हजार रुपये! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते असं.

व्यापारात पैसे तर उधारीत अडकलेले. मग घरात रोख कशाचं होतं? पाच तोळ्यांच्या पाटल्यांचं.

तुम्हाला वाटेल, भावाने मागितल्या असतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्याने चकार शब्द काढला नव्हता. हिनेच ठरवलं होतं. "अक्का, त्यांचा चेहरा बघवत नाही. गाडी दारात नाही म्हणून सौद्यालाही जाईनात. लोक विचारतात, गाडी कुठाय? विकली की काय?" गावात गाडी घेतली की चार दिवस चर्चा होते, गाडी विकली की चार वर्षं. 'धंदा बसला वाटतं' हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघतं ते कळत नाही, पण उधारी देणाऱ्याच्या कानावर ते बरोबर जातं. भावाला गाडीपेक्षा त्या वाक्याची भीती जास्त होती, हे मला नंतर उमगलं. ती भीती अगदीच खोटी होती असंही मी म्हणणार नाही. व्यापार विश्वासावर चालतो.

मी तिला म्हटलं, "पाटल्यांचं मागाहून बघू. आधी आपण दोघी हिशेब तरी मांडू."

पहिला प्रश्न, गाडी आज किती किमतीची? चालती असती तर जाहिरातीतल्या भावाने सात लाख. बंद पडलेली जशी आहे तशी द्यायची तर एका दलालाने पावणेदोन लाख सांगितले होते. भावाचं म्हणणं होतं, "अगं अक्का, सहा चाळीस घातले की सात लाखांची गाडी उभी राहते. तोटा कुठे झाला?" ऐकायला बरोबर वाटतं. पण जाहिरातीत मागितलेली किंमत वेगळी आणि हातात पडणारी वेगळी, हे बेदाण्याच्या व्यापाऱ्याला मी सांगायचं? हातात साडेपाचच्या वर येणार नाहीत, हे त्याने स्वतःच कबूल केलं. म्हणजे दुरुस्तीने किंमत वाढणार पावणेचार लाखांनी आणि खर्च होणार सहा लाख चाळीस हजार.

विमा कंपन्यांचा याबाबत एक नियम आहे तो बायकांनी लक्षात ठेवावा असा. अपघातात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर कंपनी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही, गाडी संपली असं धरून पैसे देते. पैसे मोजण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही ती माणसंसुद्धा पाऊणपट झाली की हात जोडतात. (हा गिअरबॉक्स विम्यात का बसला नाही, असं भावजयीने विचारलं. झिजून, जुना होऊन बिघडलेला भाग विम्यात बसत नाही. अपघात, पूर, आग, चोरी हे बसतं.)

दुसरं म्हणजे वय. डिसेंबर २०२६ ला या गाडीची पंधरा वर्षं भरतात. त्यानंतर तपासणी करून नोंदणी नवी करून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. पूर्वी मोटारीच्या नव्या नोंदणीला सहाशे रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. परदेशातून आख्खी आयात झालेली गाडी असेल तर चाळीस हजार. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार, आयात गाडीला ऐंशी हजार. भावाची गाडी नाव जर्मन असलं तरी भारतात जोडलेली, म्हणून पाच हजारांवर सुटका. रक्कम फार नाही, पण पंधरा वर्षं झालेली गाडी म्हटलं की गिऱ्हाईक अजून खाली मागतं.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांच्या गाडीचा भाग पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतो, मग तुम्ही ती तेराला घेतलेली असो की सातला. एक टायर वीस हजारांना. आज गिअरबॉक्स झाला, उद्या टर्बो आहे, परवा आणखी काही आहे. ही गाडी विकत घेणं आपल्या आवाक्यात आलं, सांभाळणं आलं नव्हतं. घेताना हा फरक कुणीच सांगत नाही.

माझ्या सासऱ्यांची प्रिया स्कूटर होती, इथे साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेली. बावीस वर्षं चालली. दोनदा बोअर केली, क्लचच्या तारा तर किती बदलल्या याची गणती नाही. कोपऱ्यावरचा मिस्त्री लुंगी खोचून बसायचा आणि तासाभरात चालू करून द्यायचा. किर्लोस्करवाडी १९१० पासून इथली, साताऱ्यात कूपरांचा इंजिनांचा कारखाना, कोल्हापुरात उद्यमनगर. आमच्या या पट्ट्यातल्या माणसाला लोखंडाचं भय नाही, बिघडलं की उघडायचं. आणि आपण बायका तर काय, फाटक्या साड्यांची गोधडी शिवणाऱ्या, कल्हई करून भांडं पुन्हा वापरणाऱ्या. टाकून देणं आपल्या जिवावर येतं. भावजय पाटल्या द्यायला निघाली त्यात हाही भाग होता. 'दुरुस्त होतंय तर टाकायचं कशाला?' हा प्रश्न तिने मला तीनदा विचारला. पण प्रिया दुरुस्त करायला सासूबाईंच्या पाटल्या लागत नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

साताऱ्यात दागिने मोडण्याचा विषय निघाला की कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्या माउलीने अंगावरचं सोनं काढून दिलं. शाळेत असल्यापासून आपण हे ऐकत आलो आणि सोनं काढून देणारी बाई थोर, हे मनात पक्कं बसलं. कशासाठी काढून दिलं, तेवढं मात्र विसरायला होतं.

मी जावळी-कोरेगावकडे बचत गटांचं काम करते. गटातल्या बाईला पाच हजार रुपये कर्ज हवं असलं तर चौदा बायकांसमोर उभं राहून कारण सांगावं लागतं. शेळी घ्यायची, मशीन घ्यायचं, पोराची फी. बाकीच्या उलटतपासणी घेतात: शेळी किती महिन्यांची, परतफेड कशातून करणार? एकीला नवऱ्याच्या मोटरसायकलला नवीन सीट बसवायला पैसे हवे होते, तिला गटाने सरळ नाही म्हटलं. आणि इकडे सुशिक्षित घरात, बंगल्यात, सहा लाख चाळीस हजारांचा निर्णय एका कागदाकडे बघून होतो आणि ज्या बाईच्या पाटल्या त्यात जायच्या, तिने तो कागद वाचलेलासुद्धा नसतो! भावजयीला मी पहिलं काम हेच सांगितलं. तो कागद माग आणि एकेक ओळ वाच.

पाटल्यांचंही सांगते. माहेरहून आणि सासरहून बाईला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन, तिच्या एकटीच्या मालकीचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सांगितलं की नवऱ्याचा त्यावर ताबा नाही. अडचणीत त्याने वापरलं तर ते परत करणं त्याच्याकडे लागतं. हे मी भावजयीला भांडायला म्हणून नाही सांगितलं. भाऊ माझाच आहे, गुणी आहे. पण 'घरातलं सोनं' आणि 'माझं सोनं' यांतला फरक तिला एकदा तरी उच्चारता यावा असं वाटलं. आणि गहाण की मोडणं, या तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं दिलं: पाच लाखांवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. म्हणजे तुझ्या एकट्या पाटल्यांवर एवढी रक्कम उभी राहणारच नाही, हारही द्यावा लागेल. तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं. आहे तशी विका, पावणेदोन येतील. गाडीत घालायला निघालेल्या सहा चाळीसमधले व्यापारातून हळूहळू येतील तसे घाला आणि लहान नवी गाडी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, सव्वाआठ लाखांत वॉरंटीसकट चांगली गाडी येते. मी हे भावाला फोनवर ऐकवलंसुद्धा, जरा जास्तच ठसक्यात.

पण भावजय माझ्यापेक्षा शहाणी निघाली. ती म्हणाली, "अक्का, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्याला दाखवतो की. इथे का नाही?" आणि तिने नवऱ्याला दुसरीकडे दाखवायला लावलं.

कोल्हापुरात फक्त असल्याच गाड्यांचं काम करणारा एक कारागीर आहे असं कळलं. त्याने गिअरबॉक्स उघडून सांगितलं की, आख्खा बदलायची गरज नाही. आत झडपा आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा एकत्र भाग असतो, मेकॅट्रॉनिक म्हणतात, तो गेला आहे. तो दुरुस्त केलेला मिळतो. शिवाय तेल चौदा वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. विकताना सांगतात, हे तेल आयुष्यभर पुरतं. आयुष्य कुणाचं, ते सांगत नाहीत. असे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः म्हणते की ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. भावाची गाडी एक लाख एकतीस हजार चाललेली. त्याने खर्च सांगितला एक लाख नव्वद हजार, सस्पेन्शनला बाहेरच्या कंपनीचे भाग घालून साठ हजार. मिळून अडीच लाख, सहा महिन्यांची हमी, ती मात्र भावजयीच्या सांगण्यावरून कागदावर लिहून घेतली.

सहा चाळीस आणि अडीच! मग पहिल्यांनी लुबाडलं म्हणायचं का? मला तसंही म्हणता येत नाही. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये भाग उघडून दुरुस्त करण्यापेक्षा आख्खा बदलायची रीत असते, त्यांची हमीही त्यावरच. मात्र बाहेरच्या कारागिराला सुटे भाग आणि माहिती मिळायला हवी, हा आपला हक्क आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा तोच आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत.

आता हिशेबच उलटला. अडीच घालून पावणेचारने किंमत वाढत असेल, तर दुरुस्त करून विकणं हे आहे तशी विकण्यापेक्षा सव्वा लाखाने फायद्याचं. मला माझे शब्द गिळावे लागले. गाडीचा निर्णय 'करावी की करू नये' असा नसतो. कितीत, कुणाकडून आणि पुढे ठेवायची की द्यायची, यावर तो फिरतो. एका अंदाजपत्रकावर मी एवढी ठाम बोलले, याची थोडी लाजही वाटली.

अडीच लाख एका जुन्या उधारीतून वसूल झाले. सोनं जागचं हललं नाही. ठरलं असं की, दुरुस्त करायची आणि पंधरा वर्षं भरायच्या आत विकायची. विकताना आरटीओत नाव बदलल्याशिवाय सोडायची नाही, हे मी बजावून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी विकलेली असली तरी पुढे अपघाताची भरपाई त्याच्या दारात येऊ शकते.

गाडी आली. झकास चालते म्हणे. आणि आता भाऊ म्हणतो, "एवढी छान झालीय, विकायची कशाला?"

भावजयीने त्याला मुदत दिली आहे. तोपर्यंत लॉकर तिने स्वतःच्या नावावर करून घेतला आहे, किल्ली तिच्याकडे. परवा दोघं गाडीने नरसोबाच्या वाडीला जाऊन आले, तिने फोटो पाठवला. भाऊ बॉनेटला टेकून उभा, चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू. मी फोटो मोठा करून तिच्या हाताकडे पाहिलं. पाटल्या होत्या.